हार्वर्ड साडेतीन टक्के, यूसीएलए नऊ टक्के: मग सरकारी विद्यापीठ 'सोपं' कसं?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जायची विचारणा आता कोल्हापुरातही बरीच होते. सल्लागार मंडळी हातात जो तक्ता देतात त्यात कामाचा रकाना एकच, ॲक्सेप्टन्स रेट, म्हणजे शंभर अर्जांत किती होकार. खासगीत हार्वर्ड साडेतीन, स्टॅनफर्ड चारच्या आत; सरकारीत यूसीएलए नऊ, बर्कली अकरा, मिशिगन सोळा-अठरा. त्यावरून खासगी ती 'ड्रीम' आणि सरकारी ती 'टार्गेट', म्हणजे आवाक्यातली, असं ठरवून मोकळे होतात. ही विभागणी आपल्या मुलांपुरती खरी आहे का? आकड्यांसकट लिहा. 'ते मुलावर असतं' हे उत्तर नको, ते शेजारीही देतात.

गणिताचा_मास्तर

तक्ता खोटा नाही, वाचायची पद्धत चुकते. टक्का हा अपूर्णांक आहे आणि छेदात कोण बसलंय ते पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

२०२४ च्या प्रवेशाचं हार्वर्ड घ्या. अर्ज ५४,००८, होकार १,९३७. म्हणजे ३.५९ टक्के. आता हा आकडा फोडू. नोव्हेंबरच्या अर्ली, म्हणजे लवकर अर्ज करायच्या, फेरीत अर्ज ७,९२१ आणि होकार ६९२, म्हणजे ८.७४ टक्के. वजाबाकी केली की उरतात ४६,०८७ अर्ज आणि १,२४५ होकार. २.७ टक्के. अर्लीतून 'डिफर' झालेली, म्हणजे निर्णय पुढे ढकललेली, मुलं नियमित फेरीत पुन्हा मोजली तर छेद वाढतो आणि टक्का आणखी खाली येतो. एकाच कॉलेजचे दोन दर, तिपटीहून जास्त फरकाचे.

'मग अर्लीलाच भरू' अशी उडी मात्र मारू नका. अर्लीच्या गठ्ठ्यात प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची मुलं यांचं प्रमाण मोठं असतं. प्रवेशात वंश बघण्यावरून हार्वर्डवर जो खटला झाला त्यात जी माहिती बाहेर आली तिचं अर्थशास्त्रज्ञांनी विश्लेषण केलं. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली आणि कर्मचाऱ्यांची मुलं मिळून अर्जदारांत जेमतेम पाच टक्के भरतात. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांत मात्र त्यांचा वाटा ४३ टक्क्यांच्या वर होता. आपल्या पोराचे आजोबा राजाराम कॉलेजचे, हार्वर्डचे नव्हेत. तो वाटा आधीच बाद धरून उरलेला हिशेब करायचा.

मिसळ_कट

म्हणजे मॅनेजमेंट कोटाच की! फक्त कोट घालून आलाय.

गणिताचा_मास्तर

@मिसळ_कट, फरक आहे. आपल्याकडे संस्थास्तरावरच्या जागा वेगळ्या मोजून ठेवलेल्या असतात आणि कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीच्या, कटऑफमध्ये त्या मिसळत नाहीत. कोट्यातून कुणी आलं म्हणून खुल्या यादीचा परसेंटाइल हलत नाही. तिथं सगळे एकाच ढिगात मोजतात, त्यामुळे बाहेरच्याला खरा दर दिसतच नाही.

पंचगंगा_काठ

आता सरकारी बाजू. तिथं गाठ वेगळ्या ठिकाणी आहे.

राज्य विद्यापीठ त्या राज्याच्या करदात्याच्या पैशावर उभं राहिलेलं असतं. आमदार-खासदार जसे इथं स्थानिकांच्या नोकऱ्यांवरून बोलतात तसे तिथले लोकप्रतिनिधी जागांवरून बोलतात, आणि ते नियमात उतरतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गात बाहेरचे १८ टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. या बाहेरच्यांत अमेरिकेची बाकी राज्यं आली आणि आपणही आलो. परिणाम असा की राज्यातल्या मुलांचा होकाराचा दर चाळिशीच्या आसपास आणि बाहेरच्यांचा आठच्या आसपास. तक्त्यात या दोन्हीची सरासरी छापतात. ती सरासरी ना त्यांच्या कामाची ना आपल्या.

टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये तर आणखी कडक. १९९७ च्या कायद्यानं राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना आपोआप प्रवेश दिला. गर्दी झाल्यावर २००९ मध्ये ऑस्टिनपुरती मर्यादा घातली: राज्यातल्या मुलांच्या ७५ टक्के जागा अशा आपोआप प्रवेशातून भरायच्या. त्यामुळे वरचे १० टक्के आकसत ६ टक्क्यांवर आले आणि २०२६ च्या प्रवेशासाठी ५ टक्के झाले. वर्गातल्या किमान ९० टक्के जागा टेक्सासवाल्यांच्या. उरलेल्या दहात ४९ राज्यं आणि सगळं जग. आता या विद्यापीठाचा एकूण दर कितीही दिसो, कोल्हापूरच्या मुलाला त्या आकड्याशी देणंघेणं नाही.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात, म्हणजे यूसीत (बर्कली आणि यूसीएलए हे तिचेच कॅम्पस), २०१७ पासून बाहेरच्यांवर मर्यादा आहे. बहुतेक कॅम्पसना १८ टक्के. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो तेव्हाच वर होते म्हणून त्यांना थोडी सूट मिळाली, पण तीही हळूहळू १८ कडे आणायचं राज्य सरकारनं ठरवलं आहे. जागा कमी होण्याकडेच कल आहे.

बिंदू_चौक

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. कॅपच्या कटऑफची पीडीएफ उघडा. जीओपन-एच, जीओपन-ओ, जीओपन-एस असे रकाने दिसतील. जीओपन म्हणजे खुला गट, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचा, एस म्हणजे राज्यस्तर. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या मुलाचं होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ, म्हणून त्यानं पुण्यातल्या कॉलेजचा एच रकाना बघून खूश व्हायचं नसतं. तरी दरवर्षी बघतात आणि पर्याय चुकीच्या क्रमानं भरतात. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राला, तिथं उलट फायदा. एनआयटीचा होम स्टेट रकाना सोडून दुसरा रकाना वाचणारेही आहेतच.

चॅपल हिलची सरासरी बघणं म्हणजे एच आणि ओ यांची बेरीज करून दोननं भागण्यासारखं आहे.

तांबडा_पांढरा

एवढं सगळं कशाला राव. आयआयटीत एक टक्का घेतात. हार्वर्डच्या तिप्पट कठीण. विषय संपला, आपलंच जगात भारी.

गणिताचा_मास्तर

विषय इथंच सुरू होतो. २०२४ चे आकडे: जेईई मेन दिलेले साधारण १४.१५ लाख. आयआयटीच्या जागा १७,७४०. भागाकार १.२५ टक्के, हा तुमचा एक टक्का.

पण मेनमधून वरचे अडीच लाखच ॲडव्हान्सला पात्र होतात. दोन्ही पेपर दिले १,८०,२०० जणांनी. आता भागा: ९.८ टक्के. त्यातून पात्र ठरले ४८,२४८. त्यांनाच छेद धरलं तर ३६.८ टक्के. तीच जागा, तीच मुलं, आणि दर एक, दहा किंवा सदतीस. कुठला 'खरा' म्हणणार?

मेनचा फॉर्म बरेच विद्यार्थी सीईटीच्या तयारीबरोबर भरून टाकतात. हार्वर्डला अर्ज करणारा मात्र निबंध, दोन शिक्षकांची पत्रं, शाळेचा अहवाल आणि फी घेऊन येतो, म्हणजे चाळणी आधीच झालेली असते. दोन्हींची तुलना टक्क्यानं होत नाही.

आपल्याकडे खरं माप क्लोजिंग रँक आहे, म्हणजे शेवटची जागा ज्या रँकला गेली ती. आयआयटी मुंबई, कॉम्प्युटर सायन्स, खुला गट, जेंडर न्यूट्रल: २०२४ मध्ये ६८. सदुसष्ट असेल तर जागा, एकोणसत्तर असेल तर नाही. इथं प्रश्न मिटतो. अमेरिकेत अशी रेघ नसते, एसएटी या तिथल्या प्रवेश परीक्षेत १६०० पैकी १५८० वाल्यालाही नकार येतो आणि कारण कळत नाही.

आणखी एक. आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या जोसाच्या यादीत राखीव गटांच्या क्लोजिंग रँका त्या-त्या गटाच्या असतात. ओबीसी-एनसीएलची ४० ही रँक सर्वसाधारण यादीतली ४० नव्हे. लोक ती एकाच रकान्यात ठेवून भांडतात.

जोतिबाचा_डोंगर

सरकारी विद्यापीठांच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत शाखेवरून होते.

हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड पदवीला शाखेवार प्रवेश देत नाहीत. आत गेल्यावर, साधारण दुसऱ्या वर्षात, विषय ठरवायचा. दार एकच. मोठ्या सरकारी विद्यापीठांत मात्र इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, नर्सिंग, बिझनेस यांची दारं वेगळी, आणि काही दारांबाहेर रांग रस्त्यापर्यंत.

इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनचा एकूण दर चाळीसच्या आसपास, आणि तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कॉम्प्युटर सायन्सचा सातच्या आसपास. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश राज्याबाहेरच्यांसाठी दोन-तीन टक्क्यांच्या घरात. हे हार्वर्डपेक्षा खाली. आणि तक्त्यात या विद्यापीठाचं नाव 'सेफ' च्या यादीत बघायला मिळतं.

'दुसऱ्या शाखेला शिरू, वर्षानं बदलू' ही आपली डिप्लोमावाली युक्ती तिथं चालत नाही. बर्कलीत पूर्वी लेटर्स अँड सायन्समध्ये (कला-विज्ञान विभागात) शिरून, ठराविक गुण मिळवून कॉम्प्युटर सायन्स घेता येत असे. २०२३ च्या प्रवेशापासून तेही थेट प्रवेशाचं केलं, नंतर आत येणाऱ्यांना जागा अगदी मोजक्या. त्यामुळे अर्जात शाखा टाकताना 'सोपी दिसते म्हणून' टाकू नका. गणित किंवा स्टॅटिस्टिक्स टाकायचं तर चार वर्षं तेच शिकायची तयारी असेल तर टाका.

रंकाळा_संध्याकाळ

छेद फुगण्याचं अजून एक कारण सुटलं. एसएटी.

यूसीनं मे २०२० मध्ये एसएटी-एसीटी बाजूला ठेवायचं ठरवलं, आता ते गुण पाहतच नाहीत. ऐच्छिक नव्हे, पाठवले तरी वाचत नाहीत. त्याच्या पुढच्या फेरीत यूसीएलएचे अर्ज १ लाख ८ हजारांवरून १ लाख ३९ हजारांवर गेले, २०२४ ला १ लाख ४६ हजारांच्या पुढे. जागा तेवढ्याच. दर पडला, पण आधीच्या वर्षी आत जाऊ शकला असता असा मुलगा एकाएकी बाहेर पडला असं नाही. बरेच नवे अर्ज 'टाकून तर बघू' जातीचे.

उलट दिशेनं एमआयटीनं २०२२ मध्ये परीक्षा परत सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक आले, आणि सरकारीतलं टेक्सास ऑस्टिनसुद्धा. फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी ती कधी सोडलीच नव्हती. म्हणजे 'सरकारीला एसएटी लागत नाही' हे वाक्य फक्त काही राज्यांपुरतं. यादी पक्की करा, मग परीक्षेचं ठरवा.

मिसळ_कट

मग खासगीवाल्यांनी छेद फुगवायला काय काय केलं तेही सांगा की.

रंकाळा_संध्याकाळ

@मिसळ_कट, सांगतो. एक, कॉमन ॲप. एका फॉर्मवर २० कॉलेजं. मुख्य निबंध तोच, ६५० शब्दांचा. क्लिक वाढले, अर्ज वाढले. यूसी कॉमन ॲपवर नाही, तिचा स्वतःचा फॉर्म आहे, पण एकाच फॉर्मवर नऊ कॅम्पस टिक करता येतात, त्यामुळे परिणाम तोच. एमआयटीचाही फॉर्म वेगळा.

दोन, अर्ली डिसिजन. इथं विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक तिघं सही करतात की होकार आला तर येणारच. असं कॉलेज एकच निवडता येतं. कॉलेजला यातून शंभराला जवळपास शंभर येणारी मुलं मिळतात, म्हणून कमी होकारात वर्ग भरतो आणि दर खाली दिसतो. पेनसिल्व्हेनियासारख्या काही खासगी विद्यापीठांत जवळपास निम्मा वर्ग असाच भरतो. हार्वर्डचं अर्ली बंधनकारक नाही, तरी त्या वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली टाकता येत नाही. यूसीत ना हे ना ते.

होकार मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष किती येतात तो यील्ड. हार्वर्डचा ८० टक्क्यांच्या वर, यूसीएलएचा निम्म्याच्या आसपास. समान जागांसाठी यूसीएलएला जास्त होकार द्यावे लागतात. नऊ आणि साडेतीन या फरकातला मोठा भाग इथंच जातो. तो मुलांच्या दर्जाचा फरक नव्हे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

आकड्यांचं पटतंय. पण हे फोडलेले आकडे मिळतात कुठं? सल्लागार म्हणतात ते गोपनीय असतात.

पंचगंगा_काठ

गोपनीय कसले. 'कॉमन डेटा सेट' नावाची पीडीएफ बहुतेक विद्यापीठं दरवर्षी स्वतःच टाकतात. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द शोधले की येते. चाळीसेक पानं, पण वाचायचा फक्त सी भाग आणि एच मधली एक नोंद.

सी-१: किती अर्ज, किती होकार, किती आले. अलीकडच्या वर्षांत राज्यातले, बाहेरचे, परदेशी अशी फोडही इथंच असते. ती दिसली तर एकूण दर विसरून थेट परदेशी ओळ घ्या.

सी-७: हे पान कापून भिंतीला लावा. निवडीत कशाला किती वजन त्याचा तक्ता: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. यूसीच्या तक्त्यात परीक्षेच्या गुणांपुढे 'विचारात घेत नाही' असतं, शिफारसपत्रांच्या ओळीतही नीट बघा. माजी विद्यार्थ्यांच्या नात्याची आणि राज्याच्या रहिवासाची ओळ वेगळी आहे. खासगी आणि सरकारी यांतला फरक कुणी भाषणात सांगण्यापेक्षा या दोन ओळींत लवकर कळतो.

सी-९: आलेल्या मुलांचे एसएटी गुण, २५ वा आणि ७५ वा परसेंटाइल. हा आलेल्यांचा असतो, अर्जदारांचा नव्हे. आणि परीक्षा ऐच्छिक असेल तर किती टक्के मुलांनी गुण दिले ते बाजूलाच लिहिलेलं असतं. चाळीस टक्क्यांनीच दिले असतील तर तो आकडा भलता चढा दिसणार.

सी-२१: अर्ली डिसिजनचे अर्ज आणि होकार. मास्तरांनी वर केलेली वजाबाकी यावरून अर्ली डिसिजन असलेल्या कुठल्याही कॉलेजची करता येते.

एच-६: परदेशी विद्यार्थ्यांना पैशाची मदत मिळते का, किती जणांना, सरासरी किती. सरकारी विद्यापीठांच्या पीडीएफमध्ये इथं काय सापडतं ते ऊसवाल्यांनी लिहावं, त्यांचा प्रांत आहे.

यूसीचं याहून बरं. त्यांच्या माहिती केंद्राच्या पानावर कॅम्पस आणि रहिवास निवडून आकडे काढता येतात.

ऊसवाला

लिवतो. मंडळी, चुरस चुरस करताय पण पैशाची चाळण कुणी धरंना.

यूसी परदेशी मुलाला गरजेवर मदत देत नाही. राज्याबाहेरच्यांची जादा फी आहे ती २०२५ ला नव्यानं येणाऱ्यांसाठी वर्षाला ३७,६०२ डॉलर, आणि ती कॅलिफोर्नियावाल्याच्या फीवर वरून. राहणं-खाणं धरून वर्षाचा आकडा ८० हजार डॉलरच्या आसपास जातोय. चार वर्षं मोजा. म्हणजे होकार मिळाला तरी पहिल्या वर्षाचा पैसा दाखवता आला नाही तर आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) निघत नाही, आणि त्याशिवाय व्हिसाच्या खिडकीपर्यंत जाता येत नाही. 'सोपं' सरकारी विद्यापीठ बहुतेकांना इथं बंद होतं.

उलट हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन ही परदेशी मुलालाही पैसा न बघता निवडतात आणि गरज पूर्ण भागवतात. हार्वर्डनं २०२५-२६ पासून एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्नाच्या घराला सगळा खर्च माफ केला. करवीर तालुक्यातलं कुठलं घर त्याच्या वर जातंय? शिरायला अवघड ते स्वस्त, शिरायला सोपं ते महाग. उलटंच हाय सगळं.

मधल्या खासगीत सावध राहा. तिथं मदत मागितली की त्याचा निवडीवर परिणाम होतो. मदत नको म्हणून टिक केलं आणि प्रवेश मिळाल्यावर मागितली तर बऱ्याच ठिकाणी चारही वर्षं देत नाहीत.

आता फॉर्म. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल भरतात. त्यात रक्कम रुपयांत टाकता येते, डॉलर करू नका, दर बदलला की कागदं जुळत नाहीत. शेतीवाल्यांची खरी अडचण अशी: शेतीचं उत्पन्न आयकरात माफ, म्हणून रिटर्नमध्ये आकडा नखाएवढा, आणि बँकेत मात्र कारखान्याचं ऊसबिल एकदम जमा झालेलं. बघणाऱ्याला वाटतं लपवलंय. म्हणून तीन कागद जोडा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याचं वर्षभराचं बिल, आणि सोसायटीच्या कर्जाचा उतारा. बिलातून सोसायटीनं किती कापून घेतलं ते दाखवलं नाही तर सगळं उत्पन्नच धरतात. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. आणि खुलाशाच्या रकान्यात चार ओळी लिहा की बिल हप्त्यानं येतं, एका वर्षाचं उत्पन्न दोन आर्थिक वर्षांत पडतं. जमिनीची किंमत टाकताना सातबारा बघून बाजारभाव फुगवू नका. गाव टाकळीत आणि भाव ताराराणी चौकाचा, असं झालं की मदत गेलीच.

तांबडा_पांढरा

ऊसवाले, नाद खुळा. सेव्ह केलं.

बिंदू_चौक

ऊसवाल्यांच्या मुद्द्याची इथली बाजू. आपल्याकडे पैशाची चाळण कटऑफमध्ये उलटी दिसते. मेडिकल बघा: कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला जोडलेल्या सरकारी कॉलेजला खुल्या गटात जेवढे नीटचे गुण लागतात, त्याहून कितीतरी खाली अभिमत विद्यापीठांची यादी बंद होते, कारण तिथली फी वर्षाला वीस लाखांच्या पुढेमागे. कटऑफ खाली म्हणून शिक्षण वाईट असं होत नाही, आणि तिथं शिरणं 'सोपं' असंही नाही. इंजिनिअरिंगच्या टीएफडब्ल्यूएस जागा पाहिल्या की हे स्वच्छ दिसतं. तेच कॉलेज, तीच शाखा, फक्त शिकवणी फी माफ, आणि कटऑफ खुल्या गटाच्याही वर.

बिट्स पिलानी हा अपवाद. फी चढी, जातीचं किंवा राज्याचं आरक्षण नाही, तरी चुरस मोठी. ३९० पैकी गुणांवर सरळ यादी. पिलानीच्या कॉम्प्युटर सायन्सला २०२४ मध्ये ३२० च्या वर लागले. चूक उत्तराला एक गुण जातो, सीईटीत जात नाही. सीईटीच्या सवयीनं सगळेच प्रश्न सोडवून टाकणारी मुलं इथं मार खातात.

जोतिबाचा_डोंगर

श्रीमंतीचा मुद्दा निघालाच आहे तर. २०२३ मध्ये चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांचा अभ्यास आला. सारखे परीक्षेचे गुण असलेली मुलं घेतली, तर वरच्या एक टक्का श्रीमंत घरातल्यांची नामवंत खासगी कॉलेजात जाण्याची शक्यता मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त निघाली. राज्यांच्या प्रमुख सरकारी विद्यापीठांत असा फायदा दिसला नाही. यूसीत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना सवलत नाही, वंश बघायला १९९६ च्या प्रपोझिशन २०९ पासूनच बंदी. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोघांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन देशभर तीच बंदी झाली ती २९ जून २०२३ ला. एक खासगी, एक सरकारी, दोघांना एकाच दिवशी.

म्हणून माझं मत: सरकारी निवड आपल्या मुलासाठी जास्त वाचण्याजोगी आहे, कठीण असली तरी. खासगीत नकार का आला ते कुणालाच सांगता येत नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

यूसीचा फॉर्म भरताना महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांचं काय चुकतं तेही एकदा लिहा, म्हणजे धागा पूर्ण होईल.

जोतिबाचा_डोंगर

सर्वात मोठी चूक: टक्क्यांचं चारच्या मापात रूपांतर. करायचं नाही. मार्कलिस्टवर ८७ असेल तर ८७. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरनं ३.७ काढून टाकलं आणि नंतर कागद जुळला नाही तर दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. नववी आणि अकरावीचे गुण शाळेचे, दहावी बोर्डाची. बारावी 'चालू' म्हणून दाखवायची. अकरावीला कॉलेजात हजेरी नाही, सगळा वेळ क्लासला, आणि मार्कलिस्टवर जेमतेम पास, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत इथं पुरती अंगाशी येते. सीईटीत अकरावीचं वजन २० टक्के प्रश्नांपुरतं, यूसीत दहावी-अकरावी हाच पाया. कारण अर्ज जातो तेव्हा बारावीचा निकाल लागलेलाच नसतो.

प्रश्न आठ, उत्तरं चारच, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. हे निबंध नव्हेत, मुलाखतीची उत्तरं आहेत. 'लहानपणापासून मला' असं सुरू झालं की पहिले पन्नास शब्द वाया. कॉमन ॲपचा ६५० चा निबंध कापून इथं चिकटवतात, तो ओळखू येतो. उपक्रम २० पर्यंत लिहिता येतात, कॉमन ॲपमध्ये दहाच.

शिफारसपत्र मागत नाहीत, पाठवू नका. फी परदेशी मुलांना प्रत्येक कॅम्पसला ९५ डॉलर, आणि माफी त्यांना नाही. सहा टिक केले की ५७० डॉलर गेले. इंग्रजीसाठी आयईएलटीएस असेल तर किमान ६.५.

मुदत साधारण १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. कॅलिफोर्नियातली ३० तारखेची रात्र ११.५९ म्हणजे इथं १ डिसेंबरची दुपार १.२९. त्यावर विसंबू नका, शेवटच्या दिवशी साइट रांगते. आणि कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून ठेवा, नवीन कार्डावर ते बंदच असतात. सगळं भरून झाल्यावर पैसे अडकतात ते इथंच.

रंकाळा_संध्याकाळ

एक भर. यूसीचा प्रवेश मिळाला तरी तो कच्चा असतो, अंतिम गुणपत्रक १ जुलैपर्यंत मागतात. बारावीचा ऑनलाइन निकाल लागतो आणि छापील गुणपत्रिका कॉलेजात त्यानंतर येते. ऑनलाइन प्रिंट अधिकृत धरत नाहीत. पुनर्मूल्यांकनाला टाकलं असेल तर मूळ गुणपत्रिकाच मुदतीत पाठवा आणि बदल नंतर कळवा, वाट बघत बसू नका.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

कोल्हापूर विभागीय मंडळाकडून थेट पाठवून घ्यावं लागतं का, की कॉलेजनं सीलबंद पाकिटात दिलं तर चालतं?

रंकाळा_संध्याकाळ

होकारपत्राबरोबर जी अटींची यादी येते तिच्यात लिहिलेलं असतं, कॅम्पसप्रमाणे बदलतं. एप्रिलमध्येच त्या यादीची प्रिंट घेऊन कॉलेजच्या ऑफिसात दाखवा. मे महिन्यात क्लार्क सुट्टीवर असतो.